बारा भागांचं पाकीट

नमिता सुई टोचायच्या आधी एकच प्रश्न विचारते.

"शेवटचं काय बघितलंत?"

समोरचा गोंधळतो. उपाशी राहणं, मूठ आवळणं, दुसरीकडे बघणं, या सगळ्याची त्याने तयारी केलेली असते. या प्रश्नाची नसते. तो आठवू लागतो, तेवढ्यात रबरी पट्टा दंडावर बसलेला असतो. मग नमिता बोलायला लागते. एक बाई आहे. चाळीस मजली इमारतीत लिफ्ट चालवते. प्रत्येक मजल्यावर वेगळा ऋतू. तेविसाव्या मजल्यावर मात्र दार उघडायचं नाही अशी तिला ताकीद आहे. एक दिवस त्याच मजल्यावरून कोणीतरी बटण दाबतं.

"झालं. कापूस धरून ठेवा."

"अहो, पण तेविसाव्यावर कोण होतं?"

"चोवीस भाग आहेत. हिंदीत मिळते. बघा."

तोवर नळ्या बर्फाच्या पेटीत गेलेल्या असतात आणि नमिता चपला घालत असते.

ती माझी मैत्रीण. वय सत्तावीस. गोरेगावच्या एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करते. सकाळी सहाला जोगेश्वरीहून स्कूटरवर निघते. गोरेगाव, मालाड, मार्वे. मंगळवारी आणि शनिवारी मार्व्याच्या धक्क्यावरून बोटीने पलीकडे, मनोरीला. दिवसातून बारा-पंधरा दंड. प्रत्येक दंडामागे एक गोष्ट.

ती एका जागी बसत नाही. बसलीच तर उजवा पाय हलत राहतो. समोरच्या कपातला चहा थरथरतो. कॉलेजात ती विज्ञान शाखेला होती, मी मराठी साहित्याला. कँटीनमध्ये ओळख झाली तेव्हाही हाच प्रश्न तिने मला विचारला होता. मी कुठल्याशा कादंबरीचं नाव सांगितलं. ती म्हणाली, वाचलेलं नाही, बघितलेलं. मी म्हटलं, मी कार्टून बघत नाही.

"कार्टून नाही गं. ॲनिमे, जपानी. तुझ्या कादंबऱ्यांना कोणी छापील कागद म्हटलं तर चालेल?"

मला राग आला. त्या रागात मी तिने सांगितलेली पहिली मालिका बघितली. मग दुसरी. आता मोजत नाही.

तिची मतं आखूड असतात. "रडवते म्हणून चांगली? कांदापण रडवतो." "पहिले सहा भाग सोसा म्हणजे मजा येईल, असं सांगणाऱ्याला तुरुंगात टाका." "ह्यात नायक खूप ओरडतो. नायिका ऐकते. ऐकणारीसाठी बघ." जपानी नावं कोणाच्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून ती स्वतःची नावं देते. लिफ्टवाली. छत्रीवाला. नकाशावाले. मीठ विकणाऱ्या बहिणी. एका नमुन्याहून दुसऱ्याकडे जाताना ती मला बोलून निरोप पाठवते. मागे हॉर्न, मध्येच एखादी शिवी. मी ते ऐकून नीट लिहून काढते. आमचं इंटरनेटवर एक पान आहे, हजारभर लोक वाचतात. ज्यांनी बघून मत कळवलं त्यांची एक यादीही मी ठेवते. नाव, गाव, कोणाला काय सुचवलं, किती भागांचं, त्यांना कसं वाटलं. एकाला तीच मालिका दोनदा जाऊ नये, एवढाच हेतू.

ती यादी पुढे काय दाखवेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

आधी पाकिटाचं सांगायला हवं.

लॅबचे रिपोर्ट फोनवर येतात. पण म्हाताऱ्या माणसांना ते उघडता येत नाहीत. त्यांच्यासाठी नमिता कागदावर छापून घेते आणि पाकिटात घालून स्वतः नेऊन देते. पाकिटावर मालिकेचं नाव लिहिते, आणि भाग किती ते. ठळक मराठीत.

"आतलं इंग्रजी डॉक्टरांचं," ती म्हणते. "वरचं मराठी त्यांचं. त्यांच्या हाती काहीतरी त्यांचं नको?"

मला ते फार आवडलं होतं. मी पानावर त्याबद्दल लिहिलंही होतं.

सरूबाई मनोरीची. वय त्रेसष्ट. चाळीस वर्षं मालाडच्या बाजारात मासे विकते. डिसेंबरात एकदा धक्क्यावर माशांची पाटी उचलताना ती मटकन खाली बसली. मग आठ दिवसांनी पुन्हा. सून रेवतीने बळंच गावातल्या डॉक्टरला दाखवलं, त्याने रक्त तपासायला सांगितलं. नमिता शनिवारी सकाळी गेली. पट्टा बांधला. प्रश्न विचारला. गोष्ट सुरू केली.

"थांब गो," सरूबाई म्हणाली. "रगत घेतेस का गोष्ट सांगतेस? दोन्ही एकदम नको. दोन्हीत मना फसवशील."

नमिता सांगते, पाच वर्षांत तिचा हात पहिल्यांदा थांबला तो तेव्हा.

सरूबाई म्हणाली, "आधी रगत घे. मग बस. मग सांग." आणि नमिता बसली. तिच्या पुढ्यात सुकवलेला जवळा पसरलेला होता. सरूबाई त्यातला कचरा निवडत ऐकत होती. शेजारची चंपा पण येऊन टेकली. चंपाही मालाडलाच विकते, सरूबाईच्या उजव्या हाताला. तिनेही हात पुढे केला. माझं बी घे, हिचं घेतेस तर.

पुढच्या मंगळवारी दोन पाकिटं गेली. चंपाच्या पाकिटावर लिहिलं होतं, नकाशावाले, ६४० भाग, अजून चालू. सरूबाईच्या पाकिटावर, छत्रीवाला, १२ भाग.

छत्रीवाला खरोखर छान आहे. सतत वारा सुटलेल्या एका गावात एक माणूस मोडक्या छत्र्या दुरुस्त करतो. प्रत्येक भागात एक छत्री. सरूबाईने ती दोन दिवसांत संपवली. फोनला मासळीचे हात लागू नयेत म्हणून तिने तो प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला होता. तिचं मत रेवतीने बोलून पाठवलं, मी लिहून घेतलं. "मानूस चांगला हाय. डोळे एवढे मोठे, झोप कशी लागते त्याला? पन शेवट घाईत केला. बोट धक्क्याला लागायच्या आधीच उडी मारली."

हे मत मी पानावर टाकलं, वर ती धक्क्यावर कशी मटकन बसली ते दोन ओळींत लिहून. लोकांना खूप आवडलं. नमिता दिवसभर हसत होती.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, एका रविवारी दुपारी, मी जोगेश्वरीला तिच्या घरी होते. तिचे वडील सीतारामकाका बुद्धविहारात गेले होते. आम्ही पुढच्या महिन्याची मतं नीट करत होतो. म्हणजे मी करत होते. ती खिडकी ते मोरी, मोरी ते खिडकी फिरत बोलत होती. फोन वाजला. रेवतीचा. नमिताने स्पीकर लावला.

"ताई, आमच्या आईंना तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगितलं? काय झालं?"

"गावातला डॉक्टर बोलला, रिपोर्ट घेऊन मोठ्या डॉक्टरकडं जा, तर त्या यायला तयार नाहीत. रिपोर्ट पाकिटातनं बाहेर काढला नाही अजून. तांदळाच्या डब्यात ठेवलाय. वर काल मला कोयता दिला. बाजारात मासे कापायचा. बोलल्या, आता तू बस माझ्या जागेवर."

"अगं, पण का?"

रेवतीने आवाज खाली आणला. मागे कोंबडी ओरडत होती.

"बोलतात, मी बारा भागांची हाय. चंपा सहाशे चाळीसची."

नमिता हसली. आवाज आला, पण चेहऱ्यावर हसू नव्हतं. "असं कसं? ती मालिका आहे गं. मालिकेचे भाग."

"ते मला कळतं, ताई. पण इथं धक्क्यावर सगळ्या बायका आता हेच विचारतात. पाकीट आलं की, तुला किती भाग? मालनकाकीला तुम्ही सहा दिले होते. ती दिवाळीच्या आत गेली. खालच्या आळीतल्या सुंदराबाईला तीनशे, ती अजून नारळाच्या झाडाखाली उभी राहून भांडते. बायकांनी जुळवलंय सगळं."

"रेवती, हा योगायोग आहे."

"मग तुम्ही येऊन सांगा त्यांना. माझं नाही ऐकत."

फोन बंद झाला. नमिता म्हणाली, "वेडेपणा आहे नुसता. रुचे, बघ ना तू. यादी काढ. दाखवते मी त्यांना."

मी यादी काढली. दोनशे अठरा नावं. भागांच्या आकड्याप्रमाणे लावली. लहान आकडा वर, मोठा खाली. मग वरून वाचायला लागले. यादीत रिपोर्ट नाहीत. ते नमिताच्या डोक्यात असतात.

"मालन, मनोरी. सहा भाग."

"त्यांचं यकृत..." ती थांबली. "पुढे."

"मालाडचे देसाई आजोबा. सात भाग."

"किडनी. पुढे."

"चारकोपच्या बाई, नाव नाही, शिक्षिका. आठ भाग."

ती मोरीकडे वळली.

"सरूबाई. बारा. मालाडच्या लिबर्टी गार्डनजवळचा एक मुलगा, बारा. मार्व्याचे वॉचमन, तेरा."

"खाली जा," ती म्हणाली. "एकदम खाली."

मी खाली गेले. चंपा. सुंदराबाई. लॅबमधला प्रितम, ज्याला कधी सर्दीही होत नाही, पाचशे दहा. नोकरीसाठी तपासणी करून घेणारी सगळी कॉलेजची पोरं. तीनशे, चारशे, सहाशे. मध्ये एकही नाव चुकलेलं नव्हतं. नमिता फिरायची थांबली होती.

मला खालून अकराव्या ओळीत माझं नाव दिसलं. चारशे वीस. मागच्या वर्षी ॲनिमिया आहे का म्हणून तिनेच माझं रक्त घेतलं होतं. मला हायसं वाटलं. ते वाटल्याचं मला कळलं आणि मी स्क्रीन बंद केली. तिच्याकडे बघवेना.

"मी असं ठरवून केलेलं नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"शपथ, रुचे. रिपोर्ट बघायचे, मग पाकीट हातात घ्यायचे, आणि मनात जे येईल ते लिहायचे. तेच येत होतं मनात."

मी विचारलं नाही, तरी तिने सांगितलं. भिंतीकडे बघत, भराभर. तिची आई, कमलकाकू, आजारी असताना दोघी मिळून नकाशावाले बघायच्या. पाच भावंडं एका बेटाचा नकाशा काढतात आणि बेट रोज थोडं वाढतं, अशी ती गोष्ट. दोनशे अकराव्या भागात धाकटी बहीण धुक्यात जाते. काकू म्हणाल्या, उद्या बघू, आज डोळे दुखतात. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात न्यावं लागलं. काकू तिथे चार दिवस होत्या. दोन वेळा त्यांनी विचारलं, त्या पोरीचं काय झालं गं. नमिता म्हणाली, घरी गेल्यावर बघू.

"अर्धवट राहिलं ना ते," ती म्हणाली. "कोणाचं तसं राहू नये, एवढंच असेल डोक्यात. दुसरं काय असणार?"

मी उठून तिला पाणी आणून दिलं.

सोमवारी तिने पाकिटावर काहीच लिहिलं नाही. मालाडच्या एका आजोबांनी पाकीट उलटंपालटं केलं आणि घाबरून विचारलं, "वर काही नाही? इतकं वाईट आहे का?" त्यांची साखर अगदी नॉर्मल होती. तिने तिथेच पेन काढून दोनशे भागांची एक मालिका लिहिली. मग स्कूटरपाशी येऊन मला फोन केला. "आता लिहिलं तरी गोची, नाही लिहिलं तरी गोची. उद्या मनोरीला येतेस?"

मंगळवारी मी तिच्याबरोबर गेले. बोटीत ती उभीच होती. बसायला जागा होती तरी. पलीकडे उतरलो तेव्हा धक्क्यावर तीन बायका टोपल्या लावत होत्या. नमिताला बघून त्या बोलायच्या थांबल्या. एक म्हणाली, "आयली बग आकडेवाली." दुसरीने तिला कोपराने ढोसलं.

सरूबाई ओट्यावर बसली होती. जवळा निवडत. तिचा चेहरा पिवळट झाला होता आणि बोलताना मध्ये श्वास घ्यावा लागत होता. एवढंच मलाही दिसलं, मी काही डॉक्टर नाही. तिने आम्हाला बघितलं. माझ्याकडे मान करून विचारलं, "ही कोन?"

"रुचिका. तुमचं मत हीच लिहिते."

"तूच का ती? 'मटकन' लिहिलंस माझ्याबद्दल. मी मटकन नाय बसली. हलू बसली." मग नमिताला म्हणाली, "बस. रगत घ्यायला आयलीस?"

"नाही, मावशी. बोलायला आले."

"बोल."

नमिता बसली. पाय हलायला लागला. "मावशी, त्या भागांचा आणि तब्येतीचा काही संबंध नाही."

सरूबाईने एक कोळंबीचं डोकं बाजूला टाकलं. "चंपाला किती दिले?"

"सहाशे चाळीस."

"मालनला?"

नमिता जवळ्याकडे बघायला लागली.

"पोरी, मी चाळीस वर्सं मासा इकते. गिऱ्हाईक येतं, विचारतं, ताजा हाय का. मी हो बोलते. गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडं बघत नाय, माझा हात कुठं जातो ते बघतं. शिळ्याकडं हात गेला का त्याला कळतं. तुझा हात माझ्या पाकिटावर कुठं गेला ते मना कळलं. त्याच्यात खोटं काय?"

चंपा तिच्या दारातून म्हणाली, "मना काय करायचे सहाशे चाळीस? मना तर एक बघताना झोप लागते."

"तू गप," सरूबाई म्हणाली.

मला वाटलं नमिता रडेल. ती रडली नाही. तिने पाय हाताने धरून थांबवला.

"हो, मावशी," ती म्हणाली. "केलं मी तसं. मला माहीत नव्हतं मी तसं करते. परवा यादी बघितली तेव्हा कळलं. रिपोर्टमध्ये तीन आकडे ठळक छापलेत तुमचे. रक्त खूप कमी आहे. ते बघून मी घाबरले. बारा लिहिले. पण आकडे का कमी झाले ते मला कळत नाही. मी सुई टोचते, बस. गोळ्यांनी भरून येईल असं असेल, नाहीतर दुसरं काही असेल. ते सांगणारी माणसं वेगळी असतात. तुम्ही पाकिटावर वाचलीत ती माझी भीती आहे. तुमचा रिपोर्ट अजून कोणी वाचलेलाच नाही. डब्यात आहे तो."

रेवती आतून दारात येऊन उभी राहिली. सरूबाईचे हात चालूच होते.

"लांबडी दे," सरूबाई म्हणाली.

"काय?"

"लांबडी मालिका. बारावाली नको. ती झाली."

"देते. पण आधी डॉक्टर."

"किती भागांची देतेस?"

"तीनशेची आहे एक. मीठ विकणाऱ्या बहिणी. तुम्हाला आवडेल."

"तीनशे?" सरूबाईने पहिल्यांदा वर बघितलं. "चंपाला सहाशे चाळीस नि मना तीनशे? बाजूला बसते ती माझ्या. तिला काटा बी नीट काढता येत नाय."

"आयकते मी," चंपा म्हणाली.

"आयकावं म्हनूनच बोल्ली. तिच्यापेक्षा कमी घेनार नाय. सांग."

"मग तीच घ्या. नकाशावाले."

"चांगली हाय?"

"हो."

"पुरी बघितलीस?"

नमिताने माझ्याकडे बघितलं. मी मदत करू शकत नव्हते. "नाही. दोनशे अकरापर्यंत."

सरूबाईने जवळ्यातून हात काढला आणि लुगड्याला पुसला. "मी कल्ल्यात बोट घातल्याबिगर मासा टोपलीत ठेवत नाय. नि तू अर्धी बघून लोकांना देतेस? पुढं काय सडकं निघालं तर?"

"मावशी, ती मला..." नमिता थांबली. "ती मी आईबरोबर बघत होते."

सरूबाईने तिच्याकडे बघितलं. कळलं असावं. ती फक्त म्हणाली, "आई नाय आता?"

"दोन वर्षं झाली."

"हं." ती परत जवळ्याकडे वळली. "मग आसं कर. तू पुढं चल. मी मागून येते. पुढं खराब निघाली का सांग, मी तितं थांबते. गुरुवारी धंदा नसतो. गुरुवारी मी डागदरकडं. त्याच्या आधी तू पुढचा भाग बघून ये. तू नाय बघितलास तर मी बोटीतनं उतरनार नाय, तशीच माघारी येईन."

"मावशी, दोन्हीचा काय संबंध?"

"संबंध तूच लावलास. मी नाय." मग तिने मान वळवली. "रेवती, कोयता आन इकडं."

"का?"

"गुरुवारपर्यंत माझ्याकडं राहू दे. मग बघू."

परतताना बोटीत नमिता बसली. पाण्याकडे बघत राहिली. मार्व्याला उतरल्यावर म्हणाली, "एक भाग आहे फक्त. तेवीस मिनिटांचा. एवढं काय?"

मंगळवारी संध्याकाळी तिने मला फोन केला. भाग लावला होता, पण बंद केला, म्हणाली. बुधवारी दुपारी दोन घरांच्या मध्ये, स्कूटरवर बसून पुन्हा लावला. सुरुवातीचं गाणं लागलं आणि तिने बंद केला. बुधवारी संध्याकाळी तिने फोनच केला नाही. मी तिला विचारलं नाही. मला भीती वाटत होती, ती सरूबाईला खोटं सांगेल. आणि तिला खोटं सांगता येत नाही. तिच्या पाकिटानेही खोटं सांगितलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी साडेनऊला आम्ही मार्व्याच्या धक्क्यावर उभ्या होतो. नमिताने सुट्टी घेतली होती. तिच्या डोळ्यांखाली काळं होतं. ती चार पावलं पुढे, चार पावलं मागे करत होती. मला वाटतं आम्ही अर्धा तास आधीच आलो होतो. बोट दिसली तेव्हा ती थांबली.

सरूबाई बोटीत मध्ये बसली होती. हिरवं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा, मांडीवर पिशवी. रेवती तिच्या दंडाला धरून होती. बोट लागली. लोक उतरायला लागले. सरूबाई उठली नाही. ती बसूनच ओरडली.

"बघितलास?"

सगळी बोट नमिताकडे बघायला लागली.

"बघितला," नमिता म्हणाली. "दोनशे बारावा. आज पहाटे. बाबांना बरोबर बसवलं."

"एकच?"

"एकच."

"बरा हाय?"

नमिताने विचार केला. मी तिला मत देताना इतका वेळ घेताना कधी बघितलं नव्हतं. "ठीक आहे. धाकटी सापडते, पण दुसऱ्याच कोणाला सापडते. खूप बोलतात त्यात. आईला कंटाळा आला असता." मग म्हणाली, "बाबांना आवडला. ते म्हणाले पुढचा लाव."

"मग सडकी नाय," सरूबाई म्हणाली आणि उठली. "मी नवव्यावर हाय. ते थोरलं पोरगं मना नाय आवडत. सारखं हुकूम सोडतं. रिक्षा बग गो कोनतरी."

दवाखान्यात दोन तास बसावं लागलं. सरूबाईला बसवेना, म्हणून ती उभी राहिली. उभं राहवेना, म्हणून परत बसली. रेवती पंख्याकडे बघत होती. नमिताचा पाय चालू होता. समोरच्या बाकावरची एक म्हातारी त्या पायाकडे बघून वैतागली होती. शेवटी नाव पुकारलं. आम्ही चौघी आत गेलो. खुर्च्या दोनच होत्या, मी आणि नमिता भिंतीला टेकून उभ्या राहिलो.

सरूबाईने पिशवीतून पाकीट काढलं. त्याला तांदळाचं पीठ लागलं होतं. ते तिने पदराने पुसून टेबलावर ठेवलं.

डॉक्टरीण बाईंनी ते हातात घेतलं. चष्मा वर केला आणि पाकिटावरचं वाचलं. "छत्रीवाला? बारा भाग? हे काय आहे?"

नमिताने मान खाली घातली. रेवतीने माझ्याकडे बघितलं.

"ती हिची चूक हाय," सरूबाई म्हणाली. "वरचं सोडा, बाई. आतलं वाचा."